नाव झाकलेली स्लाइड

रक्ताच्या स्लाइड बघण्यात माझी बावीस वर्षं गेली. रक्त कुणाचं हे ठाऊक असलं की डोळा लबाडी करतो, म्हणून आमच्या हॉस्पिटलात शंकेची स्लाइड नावावर चिकटपट्टी लावून इतर नऊंत मिसळायची आणि मगच बघायची, असा नियम. तो मीच घातला. खऱ्याला नातीगोती नसतात, असं नव्या लोकांना ऐटीत सांगायचो.

काल दहांतून मी नेमकी माझ्या लेकीची स्लाइड बाजूला काढली. पट्टी सोलली, नाव वाचलं. नऊ वर्षांची पोर, आणि रक्तात नको त्या पेशींचा नुसता बुजबुजाट. पुन्हा मिसळली, पुन्हा तीच निघाली. नमुनाच बिघडला असेल म्हणून नवं रक्त घेतलं. आज सकाळी आणखी एकदा. दर खेपेला तीच. चौथ्यांदा पट्टी सोलताना तोंडातून 'देवा' निघालं आणि माझी मलाच चीड आली.

डॉक्टरीणबाई वरच्या मजल्यावर औषध तयार ठेवून बसल्या होत्या. "तुमच्या सहीशिवाय मला सुरू करता येत नाही हो. उशीर परवडणारा नाही," असं फोनवर दोनदा सांगून झालं होतं.

"अजून खात्री नाही," मी म्हणालो. खात्री कालच झाली होती.

सुई घेऊन मी लेकीच्या खोलीत गेलो. तिने आपणहून हात पुढे केला, मग मागे घेतला. "बाबा, या हाताला नको ना. दुखतोय तो." कोपराशी काळंनिळं पडलं होतं.

कोपऱ्यात माझी आई हात जोडून बसली होती. जन्मभर मी तिच्या देवाची टर उडवली. 'मागून काही बदलतं का? आहे ते बघायला शीक,' हे माझं पालुपद. ती उठली आणि तिने माझं मनगट धरलं.

"पुरे आता."

"तू मध्ये पडू नकोस. तुझ्या देवाने काय दिवे लावले?"

"काही नाही लावले. कालपासून भांडतेय मी त्याच्याशी. ऐकत नाही मेला." तिचा आवाज फाटला. "पण मी दगडावर डोकं आपटतेय रे. तू पोरीला टोचतोयस."

तपासणी पहिल्याच खेपेला संपली होती. त्यानंतरचा सगळा माझा नवस होता, तोही पोरीच्या रक्ताचा.

सुई खाली ठेवली. पलंगाच्या कडेवर कागद धरून रोगाचं नाव लिहिलं, सही केली. आईला वाचता येत नाही. तिने तो कागद दोन्ही हातांत घेतला आणि गुडघे दुखत असताना जिना चढत वर गेली.

"बाबा, झालं?" लेकीने विचारलं. "आता टोचणार नाही ना कुणी?"

उपचारांच्या पुढच्या दोन वर्षांत काय काय होणार, ते मला तोंडपाठ होतं.

"नाही गं बाळा," मी म्हणालो. "झालं."