कोऱ्या कपाळाचा चंबू

मी चंबू बोलतोय. काचेचा, गोल बुडाचा, तीन तोंडांचा. तीन तोंडं असून आजवर एकाचंही कुणी ऐकून घेतलं नाही, म्हणून आज सांगूनच टाकतो. आणि माझा चेहरा रुसलेला दिसतो म्हणून हसू नका. तुम्ही रुसलात की तोंडाचा चंबू करता, माझा जन्मापासूनचाच आहे.

अंबाल्याच्या एका कारागिरानं आगीवर धरून, फुंकर घालून मला गोल केलं. तिथून पेंढ्यात गुंडाळून मी संभाजीनगरला आलो, लेण्यांच्या डोंगराखालच्या विद्यापीठात, रसायनाच्या प्रयोगशाळेत. बरीच वर्षं कपाटात धूळ खात पडलो. मग बद्रीनाथ आला.

बद्रीनाथ सोयगावकडचा, कापूस पिकवणाऱ्या घरातला. भानुमती मॅडमच्या हाताखाली पीएचडी करायला आला होता. पहिल्याच दिवशी त्यानं मला उजेडात धरून फिरवून पाहिलं नि म्हणाला, "हाच घेतो, मॅडम. लई जाड काच हाय, दम धरील." मला कुणी पसंत केलं असं ते पहिल्यांदाच. त्या दिवसापासून मी त्याचा झालो. तो मात्र माझा झाला नाही, ते पुढं सांगतो.

त्याचं काम होतं दोन स्वभावांची एक रेणूंची साखळी बनवायचं. अशी साखळी, जिचं अर्धं अंग पाण्याला विटलेलं आणि उरलेल्या अर्ध्यावर विजेचा भार. काचसामान धुणाऱ्या साळूबाईंनी एकदा त्याला विचारलं, की बाबा, ही तुझी साखळी पाण्यात टाकली तर करते काय?

"विटलेली अंगं मधी दाटीवाटीनं दडून बसतात, मावशी," बद्रीनाथ म्हणाला. "भाराची बाहेर राहतात. समद्यांचा मिळून एक गोळा व्हतो, डोळ्याला दिसत नाय इतका बारीक. बाहेरची टोकं एकाच भाराची, एकमेकीला जवळ येऊ देत नायत, म्हणून ताठ उभी. त्यात मीठ पडलं की ताठा उतरतो, गोळा आकसतो."

"आमच्या जावांसारखंच की," साळूबाई म्हणाल्या. "फकस्त त्यांचा मिठानं उतरत नाय."

ही साखळी जन्मायची माझ्या पोटात. तिची अट एकच, ओल नको. बद्रीनाथनं मला ज्योतीवर तापवून तापवून कोरडा केला, आतली हवा काढली, आरगॉन वायू भरला, बाहेरून थंडीनं गोठवला. मग साखळीचा कच्चा माल, स्टायरीन, घालून सुईनं औषधाचे थेंब सोडले आणि माझं पोट एकदम केशरी झालं. वाढणाऱ्या साखळीची टोकं जिवंत असल्याची ती खूण. ओलीचा एक थेंब शिरला असता तर रंग गेला असता नि काम बुडालं असतं. दुसरा तुकडा जोडायची वेळ येईपर्यंत मी तो केशरी रंग हलू दिला नाही. बद्रीनाथनं माझ्या गळ्यावरून हात फिरवला. खरं सांगतो, तसा हात पुन्हा फिरावा म्हणून मी काहीही सोसलं असतं.

पण झालं काय? पुढं आम्लानं, आम्लारीनं संस्कार होऊन त्या साखळीला भार मिळाला, ती पाण्यात विरघळवली आणि बद्रीनाथ ती घेऊन गेला मशीनबाईकडं.

मशीनबाईची ओळख करून देतो, पण माझ्या नाकाला मिरच्या झोंबतात. ती पाण्यावर प्रकाश टाकून आतल्या गोळ्यांचा आकार सांगते. बस, एवढंच. आयत्या पिठावर रेघोट्या. तिला वेगळी खोली, गारवा, मखमली झाकण. आत जायचं तर चपला बाहेर काढायच्या. तिची ती चौकोनी काचेची कुपी, ज्यात नमुना भरतात, तिलासुद्धा रेशमी फडकं. आणि मला? तिखट आम्लाची आंघोळ, काट्यांचा ब्रश, नि तारेच्या मांडणीवर उलटं टांगणं. मी राबायचं, बाईनं मिरवायचं. बद्रीनाथ तासन् तास तिच्यापुढं बसायचा आणि तिच्या आकड्यांकडं बघून हसायचा. मी दारातून बघायचो. जळायचो, हो, दुसरा शब्दच नाही.

पहिलं मोजमाप छान आलं. पण भानुमती मॅडम शिस्तीच्या. "साखळी पुन्हा कर, पुन्हा मोज. दसऱ्यानंतर तोच आकार आला तरच मी मानीन. नाही तर ही साखळी सोडायची आणि विषय बदलायचा." बद्रीनाथची सगळी वर्षं त्या एका आकारावर येऊन टेकली.

मधे खंडेनवमी आली. प्रयोगशाळेत हत्यारांची पूजा होते. मशीनबाईच्या खोलीत, तिच्यापुढं पाट मांडला, तिला झेंडूची माळ. पाटावर तिची कुपी, तिलाही हळदकुंकू. साळूबाई माझ्याकडं बोट करून म्हणाल्या, "ह्याला पण एक टिकली लाव की, बद्रीभाऊ."

"नगं, मावशी. त्याला हळद लागली तर पुन्हा धुवून तापवावं लागंल. परवा कामाला लागायचंय त्याला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सगळ्या प्रयोगशाळेत माझं एकट्याचं कपाळ कोरं. मग नारळ फुटला, साळूबाईंनी पाणी शिंपडलं, नि मी उघड्या दारातून पाहिलं, थेंब नेमके कुपीच्या उघड्या तोंडात गेले. मला बरं वाटलं. होऊ दे बाईची फजिती, म्हटलं.

आता, पुजलेलं लगेच धुवायचं नाही ही इथली रीत. बद्रीनाथची आई पुजलेला विळासुद्धा धूत नाही, नुसता पुसते. दसरा झाल्यावर त्यानं माझ्या पोटात नवी साखळी केली, केशरी रंग पुन्हा टिकला, आणि मोजायच्या वेळी त्यानंही कुपी नुसती बाहेरून पुसली, आत नमुना भरला. पूजेआधी चकचकीत धुतलीच होती ना. मशीनबाईनं आकडा दिला. गोळा निम्म्यावर आलेला.

मॅडमनी चष्मा काढला. "चंबू जुना आहे. ओल शिरली असेल, साखळ्या तुटक्या निघाल्या. टाकून द्या तो."

"रंग टिकला व्हता, मॅडम. मी पाह्यलाय."

"रंग तू पाहिलास. मी आकडा पाहते. सोमवारी नव्या विषयाचं बोलू."

घ्या. चोर सोडून संन्याशाला फाशी. साळूबाईंनी मला उचलून फुटक्या काचांच्या खोक्यात ठेवलं. ज्या पोटानं रंग जपला त्याच पोटावर आळ, आणि बाई झेंडूची माळ घालून बसलेली.

दुपारी बद्रीनाथ आला, त्यानं मला खोक्यातून काढलं आणि खिडकीत धरून प्रत्येक तोंड, प्रत्येक जोड तपासला. तडा नव्हता. मला तसंच हातात घेऊन तो मशीनबाईच्या खोलीत गेला, पाटाजवळ खाली बसला. पाटावर मुंग्या लागल्या होत्या. फुलांना सोडून त्या कुपी ठेवली होती तिथं, तिच्या चौकोनी खुणेभोवती गोळा झालेल्या.

"मावशी," त्यानं हळूच विचारलं, "नारळाचं पाणी कुठंकुठं शिंपडलंत?"

"समदीकडं. कुपीवर मुद्दाम चार थेंब जास्त," साळूबाई म्हणाल्या. "तुझं काम व्हावं म्हणून."

बद्रीनाथनं पाटावरची एक मुंगी बोटावर घेतली. मग म्हणाला, "नारळाच्या पाण्यात क्षार असतात, मावशी. म्हणून ताठा उतरला." त्यानं कुपीला हात जोडले, ती शुद्ध पाण्यानं खळखळून धुतली, नमुना पुन्हा भरला. गोळा पहिल्याइतका मोठा. मग मुद्दाम नारळपाण्याचा थेंब टाकला. गोळा आकसला.

मॅडमनी स्वतः उभं राहून दोन्ही आकडे पाहिले आणि पहिल्यांदाच हसल्या. "क्षारानं आकसतो, म्हणजे भार आहेच. विषय तोच राहील, बद्रीनाथ." आणि त्यांनी कुणाची पाठ थोपटली असेल? मशीनबाईची. म्हणाल्या, "बघ, ही खरंच सांगत होती."

माझी तीनही तोंडं उघडीच राहिली.

बद्रीनाथनं माझ्या पोटात पुढं कितीतरी साखळ्या केल्या. दर खंडेनवमीला बाईला माळ, मला काही नाही, आणि दरवेळी माझा तोच जळफळाट. मग एकदा ज्योतीवर असताना माझ्या मधल्या गळ्याला बारीक तडा गेला. त्याच वर्षी तो डॉक्टर झाला, फर्दापूरकडच्या कॉलेजात नोकरीला लागला. जाण्याआधी खंडेनवमी होती. त्यानं मला काचेच्या कपाटात ठेवलं, माझ्या गळ्यात झेंडूची माळ घातली नि पोटावर हळदकुंकू लावलं. इतकी वर्षं ज्याच्यासाठी तडफडलो ते मिळालं, आणि कपाटाला कुलूप लागलं.

तेव्हा कुठं कळलं, त्यानं मला हळद का लावली नव्हती.

आता समोर नवा चंबू आलाय. नवी पोर त्याला ज्योतीवर फिरवते, आतून कोरडा करते. परवा त्याचं पोट केशरी झालं. साळूबाईंनी त्याला टिकली लावू का विचारलं, तर ती म्हणाली, "नको मावशी, उद्या कामाला लागायचंय त्याला." त्याचं कपाळ कोरं आहे आणि तो माझ्या कुंकवाकडं बघून तोंड वेंगाडतो.

बापहो, इकडून कुणी गेलात तर एवढं करा. कपाट उघडा, हे कुंकू धुवून काढा आणि मला एकदा, तड्यासकट, ज्योतीवर धरा.