उलटा फिरणारा पट्टा

तसनीमचं आज कशातच मन लागत नव्हतं. लोखंड कापायच्या मशीनचा दातेरी पट्टा तिने सकाळपासून दोनदा पुसला. चाकांच्या खाचेतला चुरा काढला, पट्टा थंड ठेवणारं, टाकीत वास मारू लागलेलं कुलंट उपसून नवीन भरलं. दर शनिवारचंच काम, पण आज ते संपलं तरी हातातलं फडकं सुटेना. दुपारी जुनी मशिनं विकत घेणारा किशोर मशीन बघायला येणार होता.

तिचा नवरा मुदस्सर कुवेतला. तिथून फर्मान सुटलं होतं, मशीन विक, वर्कशॉप बंद कर, घरी बस. फर्मान सोडायला काय जातं? तो गेल्यापासून महाडचं हे शॉप ओढलं ते तसनीमने आणि उमरठहून रोज एसटीने येणाऱ्या म्हाताऱ्या येसाजीने. मशीन गेलं की तिच्या हाती उरणार काय, तर लाटणं.

साफसफाई झाल्यावर येसाजीने चाचणीला पाईप लावला. पट्टा नुसताच घासला आणि धूर निघाला.

"पट्टा गेला वाटतं, भाभी," येसाजी म्हणाला.

तसनीमची नजर दात झाडणाऱ्या तारेच्या ब्रशवर गेली. एरवी चुऱ्याने भरणारा ब्रश कोरडा ठाक होता, आणि भुकटी सांडली होती भलत्याच बाजूला. म्हणजे पट्टा उलटा फिरत होता. परवा सावित्री नदीचं पाणी चढायला लागलं, तेव्हा सगळ्या बाजारपेठेसारखी तिनेही मोटर सोडवून माळ्यावर नेली होती. पूर काही आला नाही. पण परत जोडताना घाईत दोन वायरींची अदलाबदल झाली होती, आणि जोडणारी तीच.

दुरुस्ती म्हटली तर चुटकीसरशी होणारी. पण तिने तोंड शिवून घेतलं. मशीन मेलेलं दिसलं तर किशोर आल्या पावली परत जाईल, हा तिचा होरा. तरी जीव थाऱ्यावर नव्हता. दार, मशीन, मोरी, पुन्हा दार, अशा तिच्या फेऱ्या चालू होत्या.

किशोर आला तो टेम्पो घेऊनच. येसाजीने मशीन चालवून दाखवलं, तसा निघालेला धूर बघून तो गालात हसला आणि स्पीकरवर मुदस्सरला फोन लावला.

"मुदस्सरभाई, मशीन खलास हाय. भंगाराच्या भावात उचलतो."

"उचल बाबा," पलीकडून आवाज आला. "तिच्या हाती मशीन सोपवलं तिथंच माझं चुकलं. बाईमाणसाला काय जमणार?"

येसाजीने मान खाली घातली. तसनीमच्या अंगाची लाही लाही झाली. तिने मेन स्विच पाडला, मोटरचं झाकण उघडलं, दोन वायरी काढून जागच्या जागी बसवल्या.

"मामा, पाईप लावा."

या वेळी पट्टा सरळ फिरला. पांढरं कुलंट वाहिलं, आणि थोड्याच वेळात पाईपचा तुकडा टणकन खाली पडला. किशोरने कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"भाई, मशीन तर झक्कास हाय. तुम्ही सांगाल तो भाव देतो."

"मग सौदा पक्का," मुदस्सर म्हणाला.

"टेम्पो रिकामा न्या, किशोरभाऊ," तसनीम म्हणाली. "मशीन विकायचं नाय."

किशोरने फोन तिच्यापुढे धरला.

"तसनीम? तू तिथंच होतीस?"

"मी इथंच असते," ती म्हणाली, आणि भरलेला ब्रश झटकायला बसली.