तुंबल्याशिवाय कुणी वाकत नाही

मी सिंकखालचा ट्रॅप बोलतोय. ओळखलं नाहीत ना? साहजिक आहे. ओट्याखालचं कपाट उघडून, कचऱ्याची बादली बाजूला सारून, मान वाकडी करून पाहिलं तरच मी दिसतो. पांढऱ्या प्लॅस्टिकची बुटकी बाटली, वरून एक नळी आत आलेली, बाजूनं एक बाहेर गेलेली. तळाशी फिरवून काढता येईल अशी वाटी. त्या वाटीत मी कायम थोडं पाणी धरून ठेवतो, म्हणून गटाराचा वास आणि झुरळं तुमच्या स्वयंपाकघरात येत नाहीत. कौतुक करण्यासारखं यात काही नाही, आणि कुणी केलेलंही नाही.

माझा जन्म बोम्मसंद्राच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या एका शेडमध्ये झाला. साच्यात गरम प्लॅस्टिक शिरलं, गार झालं, आणि मी माझ्यासारख्याच भावंडांच्या ढिगात जाऊन पडलो. तिथून सर्जापूर रोडवरच्या हार्डवेअरच्या दुकानात आणि दुकानातून सातव्या मजल्यावरच्या या फ्लॅटमध्ये. जन्मापासून माझी एक खोड आहे. मला फारसं काही वाटत नाही. खरकटं येवो की देवाच्या आंघोळीचं पाणी येवो, मला दोन्ही सारखंच.

घरात सुरज आणि आर्या. तो निपाणीचा, ती पुण्याची. दोघंही आयटीत, त्यामुळे दिवसभर घराला कुलूप. माझ्या वाट्याला कॉफीचा चोथा आणि फार तर नूडल्सचं पाणी. कुणाच्या अध्यात ना मध्यात, असे माझे दिवस चालले होते.

मग निपाणीला सुरजचे वडील, दयानंद, अचानक गेले. तेरावं उरकून सुरज आईला, शालनबाईंना, इकडे घेऊन आला. तिथं एकटी काय करणार, असं सगळ्यांचं मत पडलं. इथंही त्या दिवसभर एकट्याच असणार होत्या, पण ते कुणी बोलून दाखवलं नाही.

मुलांनी काही कमी केलं असं मी म्हणणार नाही. आर्या सकाळी वरण-भात-भाजी करून, झाकून जायची. सुरजनं हुबळीकडच्या एका अक्कांकडून रोजची जोळद रोट्टी, म्हणजे ज्वारीची भाकरी, लावून दिली. आर्याला ज्वारी आवडत नाही आणि सुरज ऑफिसात जेवतो. भाकरी फक्त शालनबाईंसाठी यायची.

दुपारी सुरजचा फोन यायचा. फोन स्पीकरवर, त्यामुळे मलाही ऐकू येई.

"आई, जेवलीस?"

"व्हय, जेवलो की." निपाणीकडच्या बायका असंच बोलतात.

"सरी, बरं मग. ठेवतो."

आणि फोन ठेवला की ती भाकरी माझ्याकडे यायची. चुरून, पाण्यात कालवून, थोडी थोडी. मागोमाग भात, मग भेंडी. दाताखालून न गेलेलं अन्न मला लगेच कळतं, आयुष्य त्यातच गेलंय. ओल्या कचऱ्यात टाकलं तर संध्याकाळी बादली रिकामी करताना आर्याला दिसणार. बाल्कनीत ठेवावं तर कबुतरं नकोत म्हणून जाळी मारलेली, तिथं कावळा-चिमणी येणार कुठून? राहता राहिलो मी. ओतण्याआधी त्या रोज पुटपुटायच्या, "अन्नपूर्णे, माफी कर माय." माझी माफी कुणी मागितली नाही, पण तेवढ्यानं मी काही रुसणारा नव्हे.

त्या रडायच्या नाहीत. नळ तसाच सोडून नुसत्या उभ्या राहायच्या. पाणी वाहत राहायचं, मी ते पुढे देत राहायचो. त्यांच्यात आणि माझ्यात मला फरकच दिसेना, आणि माणसाच्या बाबतीत हे काही बरं लक्षण नाही. त्यांच्या हातात एकच बांगडी होती. त्या आल्या तेव्हा ती मनगटाला गच्च बसलेली. हळूहळू ती ताट धुताना सिंकच्या काठावर वाजायला लागली. मला काही वाटत नाही असं मघाशी म्हणालो खरा, पण तो आवाज ऐकून मी घाबरलो. हे असंच चाललं तर ही बाई कुणाला न कळता संपून जाईल. घरात हे फक्त मला ठाऊक होतं, आणि मी पडलो मुका.

मला बोलता येत नाही, तुंबता येतं. मी आलेलं सगळं पोटात धरून ठेवलं.

संध्याकाळी सिंकमध्ये पाणी साचलं.

"अ‍ॅपवरून प्लंबर बुक करू?" आर्यानं विचारलं.

"प्लंबर कशाला? व्हिडिओत सगळं दाखवतात."

"सुरज, तुझं ते डीआयवाय परत सुरू करू नकोस हं, प्लीज."

पण त्यानं केलंच. आधी किटलीभर गरम पाणी ओतलं. मग खायचा सोडा, त्यावर व्हिनेगर. फस्सकन फेस आला, तो दोघंही कौतुकानं बघत राहिली. मला जरा गुदगुल्या झाल्या, बाकी काही नाही. शेवटी त्यानं रबरी पंप आणला आणि धबाधबा दाबला. त्या दणक्यानं मात्र माझ्या पोटातला सगळा पुरावा निसटून पुढे गेला. पाणी खळाळून उतरलं.

"बघ, कशाला हवा प्लंबर!" सुरज खूश. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, ते हेच.

पुढेही हेच होत राहिलं. मी धरून ठेवायचं, त्यांनी वरून दाबून पुढे ढकलायचं. एकदा तर अशी जहाल पावडर ओतली की आतून मी पोळून निघालो. शालनबाई मागे उभ्या राहून सगळं बघायच्या, बोलायच्या नाहीत. दयानंदांचं नाव तर या घरात कुणीच काढत नसे.

आणि मग एका सुट्टीच्या दिवशी पंपही हरला. खालच्या मजल्यावरच्या रघुनंदन अण्णांनी लिफ्टमध्ये सुरजला सांगितलं होतं म्हणे, "वरून किती ओतणार? खालची वाटी काढा, स्वल्प फिरवली की हातात येते." कपाटाचं दार उघडलं. सुरज फरशीवर आडवा झाला, खाली बादली ठेवली आणि माझी वाटी फिरवली.

एखाद्या प्लंबरनं ती न बघताच रिकामी केली असती. त्याला सगळ्यांचा कचरा सारखा. सुरज नवखा, त्यात घरचाच माणूस, म्हणून त्यानं वाकून नीट पाहिलं. फुगलेल्या भाकरीचे तुकडे, भाताची अख्खी शितं, भेंडीच्या चकत्या.

"आर्या, तू भाकरी टाकतेस का सिंकमध्ये?"

"मी? मी ज्वारी खातच नाही, तुला माहितेय."

दोघांनी मागे वळून पाहिलं. शालनबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या.

"आई, हे तुझं जेवण हाय."

"व्हय." आवाजात काही नव्हतं. लाजही नाही, भीतीही नाही. "भूकच लागंना बघ. घास घेतला की माती चावल्यागत वाटतंय."

"मग मला सांगायचं न्हाई? मी रोज विचारतो की!"

"विचारतोस. व्हय म्हटलं की तुला बरं वाटतंय, फोन ठेवतोस. न्हाई म्हटलं असतं तर हापिसात बसून काय केलं असतंस तू?"

सुरज तसाच फरशीवर, ओल्या हातांनी बसून राहिला. नंतर वाटी परत बसवायला गेला तर आटे तिरके चढले, त्याचा जोर जास्त झाला, आणि मी गळ्याशी तडकलो.

माझ्या जागी आता नवा ट्रॅप आहे. मी युटिलिटीत, म्हणजे स्वयंपाकघरामागच्या धुण्याभांड्याच्या जागेत, सुक्या कचऱ्याच्या पिशवीत पडलोय. उद्या गाडी आली की निघेन. दुखत नाही. जाता जाता एवढंच मागतो, सिंक तुंबलं तर वरून काही ओतण्याआधी एकदा खाली वाकून बघा. आणि जेवलीस का, हे फोनवर विचारून मोकळे होऊ नका. शेजारी बसा.

आज सुरज ऑफिसला गेला नाही. दुपारी त्यानं दोन ताटं वाढली, ते मी इथून उघड्या दारातून पाहिलं. आग्रह केला नाही.

"बाबा असते तर कांदा फोडला असता," तो म्हणाला.

"बुक्कीनं," शालनबाई म्हणाल्या. "आणि तेच हात डोळ्याला लावलं असतं."

त्यांनी थोडं खाल्लं. मग ताट सरकवलं. "बास. जाईना आता." ताट घेऊन त्या सिंककडे निघाल्या, तसं सुरजनं ते हातातून काढून घेतलं आणि उरलेली भाकरी आपल्या ताटात ओढली.

"अरं, उष्टं हाय माझं."

"असू दे."

तो खायला लागला. दोन घासांनंतर रडायला लागला. वडील गेल्यापासून पहिल्यांदाच, आणि चांगलं मोठ्यानं. रडत होता, तरी खात होता. शालनबाई त्याच्याजवळ बसल्या. त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "सावकाश खा रं. ठसका लागंल."