मांजरीची साक्ष

माझ्या हाताखालून न गेलेली वस्तू आमच्या होडीवर चढत नाही. जाळ्याची गाठ असो वा नांगराचा दोर, मी ओढून पाहते, मगच होकार देते. हा दंडक माझ्या सासूबाईंचा. मी तो सैल पडू दिलेला नाही.

गेल्या आठवड्यात, मी स्वतः विणलेल्या जाळ्यात डॉल्फिनची एक मादी गुदमरून मेली. तिचे पिल्लू होडीभोवती फिरत राहिले. माझी सून नवऱ्याच्या बरोबरीने होडीवर जाते. तिने ते डोळ्यांनी पाहिले आणि तेव्हापासून तिच्या घशाखाली घास उतरेना. शेवटी ती मत्स्य कार्यालयातून पिशवीभर शिट्ट्या घेऊन आली. मुठीएवढ्या नळ्या, पाण्यात गेल्या की आपोआप वाजतात आणि डॉल्फिन जाळ्यापासून लांब राहतात म्हणे.

“मासेही पळतील,” मी म्हटले.

“माशांना हा आवाज ऐकूच येत नाही, आई.”

मी बादली मागवली. सारे घर भोवती जमले. एक शिट्टी पाण्यात सोडून मी कान दिला. शांतता.

“मुकी आहे. परत कर.”

“अहो आई, कान किटले की!”

मी मुलाकडे पाहिले. भर वादळात सुकाणू न सोडणारा हा वाघ. माझ्या भुवया वर गेल्या आणि त्याची शेळी झाली.

“मला तर काहीच ऐकू येत नाही बुवा,” कान चोळत तो म्हणाला.

नातीने दोन्ही कानांत बोटे घातली होती. “ती बोटं कशाला गं?”

“खाज सुटलीय, आजी.”

“ठरलं. उद्या जाळं शिट्ट्यांवाचून जाईल.”

सुनेचे डोळे भरले. “मग ते पिल्लूही अडकेल, आई. अजून तिथंच घुटमळतंय.”

तेवढ्यात माझे लक्ष ओट्याखाली गेले. माशांच्या टोपलीला खेटून बसणारी, केरसुणीलाही दाद न देणारी आमची मांजर गायब होती. मी शिट्टी बाहेर काढली, बाईसाहेब परतल्या. पुन्हा बुडवली, शेपूट फुगवून पसार!

मांजर मला भीत नाही; त्यामुळे खोटे बोलण्याचे तिला कारण नाही.

“काय रे,” मी मुलाला विचारले, “समुद्रात कुणी बुडताना हाक मारली, तर आधी माझ्या भुवया बघायला घरी येणार आहेस का?”

तो पायाच्या अंगठ्याने फरशी उकरू लागला.

“बांध गं शिट्ट्या,” मी सुनेला म्हटले. “गाठी मी तपासीन.”

दुसऱ्या दिवशी होडी भरून आली. सून धक्क्यावर उतरण्याआधीच ओरडली, “आई, कळप जाळ्याला वळसा घालून गेला! पिल्लू मधोमध होतं!”

मी मान डोलावली. पण एक गोष्ट मनात टोचत होती.

“माशांना ती शिट्टी खरंच ऐकू येत नाही?”

“नाही, आई.”

“म्हणजे मी माशांच्या पंक्तीला बसले म्हणायची!”

मुलगा फिस्सकन हसला. मी भुवया वर केल्या. या खेपेस मात्र तो हसतच राहिला.