अण्णाच्या पाठीमागची भिंत

राममूर्तीला राग चढायचा तो कानांपासून. आधी कान तांबडे व्हायचे, मग मान, आणि शब्द सगळ्यांत शेवटी, तेही मोजके आणि निरुपयोगी. १९६१ सालची संक्रांत आठ दिवसांवर असताना ओरत्तनाडूहून मेव्हणीच्या पोराचं बारसं उरकून तो तंजावरात बसमधून उतरला, बायकोच्या हातातली केळफुलं स्वतःकडे घेतली, गल्लीत वळला, आणि त्याचे कान तांबडे झाले. पुढे आठ दिवस ते उतरले नाहीत.

घराचा अर्धा दर्शनी भाग नव्यानं रंगवलेला होता. उरलेला अर्धा नव्हता.

"अय्यो," त्याची बायको कनकलता म्हणाली. "हा कसला रंग?"

राममूर्तीला सांगता येईना. करडा म्हणावा तर तपकिरी, तपकिरी म्हणावा तर आतून गुलाबीसर. एखादा उंदीर उन्हात बसून आयुष्यात तृप्त झाला, तर त्याच्या पाठीला यावा तसा. दोन भावांच्या वाटणीच्या बरोबर रेघेवर रिकामा डबा मुद्दाम मांडून ठेवलेला होता. डब्यावर इंग्रजीत लिहिलं होतं: नेपच्यून कंपनी, रंग 'वॉर्म टोप'.

डब्याच्या पलीकडे, रस्त्यालगतच्या ओट्यावर, ज्याला इथं सगळे तिण्णै म्हणतात, त्याचा थोरला भाऊ बाळकृष्णराव भिंतीला टेकून पेपर वाचत होता. पेपर कालचा होता. म्हणजे तो वाचत नव्हता, वाट बघत होता.

दोघे भाऊ अकरा महिने बोलत नव्हते. कारण साधं होतं. तिण्णैच्या आपल्या अर्ध्या भागावर राममूर्ती टाइपरायटिंग इन्स्टिट्यूट चालवत होता. चार यंत्रं, तीस पोरं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत खडखडाट. निवृत्त हेडक्लार्क बाळकृष्णरावाला दुपारी झोपायचं होतं. नोकरीत तीस वर्षं तो टाइपरायटरच्या आवाजातच झोपला होता, पण तो म्हणे सरकारी आवाज होता.

आणि मृत्युपत्र होतं. वडिलांना समोरच्या शेजाऱ्याच्या दुरंगी घराची आयुष्यभर शिसारी. म्हणून त्यांनी लिहून ठेवलं होतं: 'दर्शनी भिंत दोघांची सामाईक. संक्रांतीच्या सकाळी ती एकाच रंगाची असावी. नसल्यास, ज्याच्यामुळे दुरंगी राहिली त्यानं तिण्णैवरचा हक्क सोडावा. निवाडा माझी बहीण गंगाबाई करील.' दरवर्षी दोघे चुना मारायचे. चुना चुन्यासारखा दिसतो, त्यामुळे हे कलम कुणाला आठवायचं कारणच पडलं नव्हतं. बाळकृष्णरावाला आठवलं.

तिण्णै गेली की इन्स्टिट्यूट गेली. इन्स्टिट्यूट गेली की राममूर्तीजवळ चार यंत्रं आणि तांबडे कान एवढंच उरणार होतं.

तो केळफुलांसकट सायकलवर बसला आणि नेपच्यूनच्या दुकानात गेला.

"संपला, सार," दुकानदार म्हणाला. "शेवटचे दोन डबे तुमच्या अण्णांनी नेले. कंपनीनं तो रंगच बंद केला. कुणी घेत नव्हतं."

"मग अण्णानं कसा पसंत केला?"

"त्यांनी रंग नाही विचारला, सार. त्यांनी विचारलं, यातला कोणता परत कधीच मिळणार नाही?"

राममूर्तीनं एक केळफूल काउंटरवर आपटलं. फुलाचं नुकसान झालं, काउंटरचं नाही.

हंस छाप कंपनीकडे जवळात जवळचा रंग 'फॉन' नावाचा होता. भिंतीवर हातभर लावून पाहिला, तर वाळल्यावर नुकत्याच जन्मलेल्या बाळासारखा गुलाबी झाला. कावेरी कंपनीचा 'मश्रूम' उलट इतका थंड निघाला की त्याच्याजवळ उभं राहिलं तर पडसं व्हावं. राममूर्तीनं विचार केला, एक गुलाबी, एक करडा, दोन्ही मिसळले की झालं. त्यानं मिसळले. एक तेलाचा निघाला, दुसरा पाण्याचा. बादलीत दूध नासल्यासारख्या गुठळ्या झाल्या. पलीकडून पेपरचं पान उलटल्याचा आवाज आला, नेहमीपेक्षा जरा जोरात.

"लुच्चे आहेत सगळे!" राममूर्ती स्वयंपाकघरात ओरडला. "शेडकार्डावर एक, डब्यात दुसरा, भिंतीवर तिसरा! एका बापाच्या कंपन्या असत्या तर एक रंग दिला असता!"

"एका बापाचे असून काय दिवे लावतात ते दिसतंय," कनकलता म्हणाली, आणि त्याच्यापुढे कॉफीचा पेला ठेवला. मग पेल्याकडे बघतच राहिली. "अहो. हाच की तो रंग."

ती तिची कॉफी नव्हती. भाऊ बोलेनासे झाले तरी मागच्या अंगणाच्या भिंतीवरून थोरली वहिनी ताराबाई रोज सकाळी धाकट्या दिराला एक पेला कॉफी देत असे. लग्न होऊन आली त्या दिवसापासून देत होती, आणि भांडण पुरुषांचं होतं. त्यात चिकोरी जास्त आणि दूध पातळ. राममूर्तीनं पेला दारात नेऊन अण्णाच्या भिंतीसमोर धरला. भिंत आणि कॉफी यांत काडीचा फरक नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यानं वहिनीची कॉफी प्यायली नाही. झाकण लावून, सायकलच्या हँडलला बांधून, तो चुना-रंगाच्या जुन्या दुकानात गेला. तिथं कंपन्यांचं काही चालत नव्हतं. म्हातारा दुकानदार खलबत्त्यात काव, पिवडी आणि काजळी कुटून लागेल तो रंग करून द्यायचा.

"याला जुळव," राममूर्ती म्हणाला.

म्हाताऱ्यानं पेल्यात बघितलं. "साखर घातलेली आहे?"

"त्यानं काय होतं?"

"काही नाही. उरली तर पिईन."

दीड तास लागला. मध्येच कॉफीवर साय आली आणि रंग बदलला, तेव्हा राममूर्तीनं सायीला शिव्या दिल्या. शेवटी म्हाताऱ्यानं काडीनं रंगाचा एक थेंब पेल्याच्या काठावर ठेवला आणि तो थेंब कॉफीत हरवला. इतकी चिमूटभर मापं पुन्हा जमायची नाहीत म्हणून म्हाताऱ्यानं सगळा रंग एकदमच कालवला होता. दोन मोठी पिंपं भरली. अख्खी गल्ली रंगली असती.

भोगीच्या दुपारी राममूर्तीनं आपला अर्धा भाग रंगवला. ओला होता तोवर दोन्ही अर्धे सख्ख्या भावांसारखे दिसत होते. संध्याकाळपर्यंत वाळला, आणि सावत्र दिसू लागले. त्याचा रंग दोन पायऱ्या फिका पडला होता.

जन्मभर चुना मारणाऱ्या माणसाला एवढं कळायला हवं होतं. ओला रंग त्यानं ओल्या कॉफीशी जुळवला होता. कॉफी वाळत नाही. निदान वहिनीच्या घरात तिला तेवढा वेळ कुणी देत नाही.

संक्रांतीच्या सकाळी गंगाबाई आत्याची तिरुवैयारूची बस अकराला यायची होती. सात वाजता राममूर्ती पिंप घेऊन बाहेर आला. बाळकृष्णराव नवं धोतर नेसून, पेपर धरून, भिंतीला टेकून, जिंकलेल्या माणसासारखा बसला होता. राममूर्तीनं एकदा आपल्या भिंतीकडे बघितलं, एकदा अण्णाच्या. राग आता कानांच्या वर गेला होता आणि तिथं, डोक्यात, त्याचं चक्क काहीतरी उपयोगी झालं. मृत्युपत्रात भिंत एका रंगाची असावी असं लिहिलं होतं. कुणाच्या, ते लिहिलं नव्हतं.

त्यानं कुंचला बुडवला आणि अण्णाची भिंत रंगवायला घेतली.

बाळकृष्णरावाच्या तोंडाचा आ झाला आणि मिटला. बोलला तर अकरा महिने पाण्यात. उठला तर माघार. तो होता तिथंच घट्ट बसला. "तारा!" त्यानं आत हाक मारली. "त्याला सांग, थांब म्हणावं!"

ताराबाई दारात आली. "तुम्हीच सांगा. अकरा महिने निरोप सांगून माझा घसा बसला."

"मग मी इथून हलत नाही!"

कुंचला त्याच्या डाव्या खांद्यापाशी आला, खांद्यावरून मानेला वळसा घालून डोक्यावरून गेला, आणि उजव्या खांद्यावरून खाली उतरला. कानापाशी राममूर्तीनं विशेष काळजी घेतली. एक थेंबही अंगावर उडवला नाही. तसं केलं असतं तर भांडण झालं असतं.

अकराला आत्या आली, हातात तिळाचा डबा. तोवर उन्हानं भिंत वाळली होती. तिनं रस्त्यावर उभं राहून भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली.

"एकच रंग आहे की. बरा आहे. बाळू, ऊठ, पाया पड."

बाळकृष्णरावाला उठावं लागलं. तो उठला आणि भिंतीवर दुसरा बाळकृष्णराव बसलेला राहिला. कान, खांदे, पेपर धरलेलं कोपर, सगळं होतं. डोक्याच्या जागी आठ दिवसांच्या खोबरेल तेलाचा गोल डाग होता.

आत्यानं तिळाचा डबा ओट्यावर ठेवला. "हे कुणी ठेवलं?"

"रंग माझा," राममूर्ती म्हणाला. "भोक त्याचं."

"मी माझ्या जागेवर बसलो होतो!" बाळकृष्णराव ओरडला.

"तेच म्हणते मी. तू बसलास म्हणून राहिलं. तुझ्या बापानं काय लिहिलंय ते तुला पाठ आहे." आत्यानं चपला काढल्या. "मी आत जाऊन ताराच्या हातची कॉफी पिते. बाहेर येईन तेव्हा निवाडा करीन. मला कॉफी प्यायला पाव तास लागतो."

ती आत गेली. गल्लीत कुणाच्या तरी अंगणात पोंगलचा गोड भात उतू गेला आणि शकुनाची आरोळी झाली. बाळकृष्णराव भिंतीवरच्या स्वतःकडे बघत उभा राहिला. मग अकरा महिन्यांत पहिल्यांदा भावाकडे वळला. त्याचेही कान तांबडे होतात, हे राममूर्तीला आजच दिसलं.

"कुंचला दे, गाढवा."

"इन्स्टिट्यूट चालणार?"

"दुपारी दोन ते चार बंद!"

"दोन ते तीन!"

"साडेतीन!"

"तीन! पाव तासातली तीन मिनिटं गेली, अण्णा!"

बाळकृष्णरावानं कुंचला हिसकावून घेतला आणि स्वतःच्या पोटापासून सुरुवात केली.

"पातळ हात मार," राममूर्ती दात खाऊन म्हणाला. "लवकर वाळून फिका पडायला हवा. आणि डोकं आधी पूस, तेलावर रंग धरत नाही."