समासातली पेन्सिल

मी एक जुनी प्रत आहे, मित्रांनो, नववीच्या इंग्रजी कवितांच्या पुस्तकाची. ‘जुनी’ म्हटल्यावर लगेच नाक मुरडू नका हं! माझा कणा तीनदा चिकटवलाय, चोविसाव्या पानावर चहाचा डाग आहे, पण अजून माझं एक पान हरवलेलं नाही.

छापखान्यातून आले तेव्हा खोक्यात माझ्यासारख्या चाळीस जणी होत्या. बाकीच्या मुलांकडे गेल्या, मी इंग्रजीच्या बाईंकडे. बाई तेव्हा माझ्याइतक्याच कोऱ्या करकरीत. पहिल्या तासाला त्यांनी मला चक्क उलटं धरलं होतं. मग त्या माझ्या समासात पेन्सिलीने लिहू लागल्या. ‘इथे थांब.’ ‘इथे मुलं हसतात, हसू दे.’ ‘ही ओळ दोनदा वाच.’ एकोणीस वर्षांत समास गच्च भरले. खरं सांगू? मी फार मिरवायचे.

यंदा मात्र मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, बॉम्बच टाकला. “शुक्रवारचा कवितेचा तास बंद करून व्याकरण घ्यावं म्हणते. कवितेच्या तासाला मुलं तोंडच उघडत नाहीत, नुसती उत्तरं उतरवून घेतात. उद्या येऊन बसते, मग ठरवू.” बाईंचा तर सगळा जीव त्या तासात!

त्याच दिवशी माझा कणा पुन्हा सुटला. वर्गातल्या टापटीपने मला घरी नेलं. टापटीप हे तिचं टोपणनाव, कारण तिच्या कंपासपेटीत पेन्सिलीसुद्धा उंचीनुसार उभ्या राहतील. तिने मला डिंक लावला, खाकी कव्हर घातलं आणि सकाळी ऐटीत बाईंच्या हातात दिलं.

“बाई, आत कुणीतरी गिरगटून ठेवलं होतं. सगळं खोडून टाकलं. दोन खोडरबर संपले!”

माझी अक्षरशः हजामत झाली होती. बाईंनी पानं उलटली, पुन्हा उलटली. मग म्हणाल्या, “कव्हर छान घातलंयस गं.” बस, एवढंच.

तास सुरू झाला. मोठ्या बाई शेवटच्या बाकावर. बाईंनी कविता वाचली. तिच्यात कुणीतरी कुणाला तरी सांगतं की दार नुसतं लोटलंय, कडी घातलेली नाही, केव्हाही यावं. सवयीने बाईंनी समासाकडे पाहिलं. कोरा! त्यांनी मला मिटून टेबलावर ठेवलं आणि विचारलं, “यातला ‘यू’ म्हणजे तू, की तुम्ही?”

“तू! आई असणार, बाई.”

“छे, तुम्ही! बाबा रुसून गेलेत.”

“आमच्याकडे बाबांनाही अरे-तुरेच चालतं!”

वर्गातली बडबडी उठली. “म्हणजे इंग्रजीत मांजरालाही यू आणि मोठ्या बाईंनाही यूच?”

वर्गात हशा पिकला, मग सगळ्यांना मोठ्या बाई आठवल्या. माना मागे वळल्या.

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. “यूच,” त्या म्हणाल्या. “माझ्या थोरल्या बहिणीला मी अगं-तुगं करायचे. भांडण झालं, तेव्हापासून ‘तुम्ही’ म्हणते. सहा वर्षं झाली.” त्यांनी चष्मा पुन्हा लावला. “मला वाटतं, इथे ‘तू’च आहे. ज्याला दाराला कडी घालवत नाही, तो माणूस ‘तुम्ही’ कशाला म्हणेल?”

घंटा झाली तरी कुणी हललं नाही. मोठ्या बाई दाराशी थबकल्या. “शुक्रवारचा तास राहू दे. आणि मला जरा एक फोन करायचाय.”

बाईंनी मला उचलून कोऱ्या समासावरून बोट फिरवलं, तेव्हा टापटीपच्या लक्षात सगळं आलं. ती रडवेली झाली. “बाई, ते गिरगटलेलं... तुमचं होतं?”

“होतं. आता तू लिही,” म्हणत बाईंनी पेन्सिल पुढे केली.

तिने पट्टी धरल्यासारख्या सरळ अक्षरात लिहिलं, ‘तू.’

मित्रांनो, पुस्तकांना जपा. डिंक लावा, कव्हरं घाला. पण समासात पेन्सिलीने काही लिहिलेलं दिसलं, तर खोडण्याआधी एकदा वाचा. कुणीतरी तिथे थांबलेलं असतं. माझ्याकडे सध्या एकच शब्द आहे, पण काय सांगू, पुन्हा मिरवायला लागलेय मी! बाकीचे समास मोकळे आहेत. कडी घातलेली नाही.