झाडातलं बूच

लॉरेल ओढ्याच्या तोंडाशी अँसेल ट्रेंटचं दुकान होतं आणि दुकानाच्या दर्शनी भिंतीवर दाढीवाल्या डॉक्टर पेलहॅमचं पुरुषभर उंच चित्र होतं. खाली लिहिलेलं : 'पर्वतीय जीवनरस. छत्तीस आजारांवर एकच बाटली.' केंटकीच्या त्या डोंगरात पिठाच्या खालोखाल ही बाटली खपायची. ती विकताना अँसेल छत्तीस आजारांची नावं न अडखळता म्हणून दाखवायचा. त्यात अकरावा दमा.

आणि त्याच्याच लेकीला, सहा वर्षांच्या लव्हीडाला, दमा होता.

बाटल्या पाजून झाल्या. गळ्यात हिंगाची पुरचुंडी बांधून झाली, छातीला कांद्याचं पोटीस लावून झालं, वसंत लागला तशी गंधक कालवलेली काकवी चाटवून झाली. पोरीची छाती आपली भात्यासारखी हलतच होती. तिची आई ऑर्फा चार वर्षांपूर्वी असाच श्वास कोंडून गेली होती. अँसेल पोरीच्या उशाशी बसून ऐकत राहायचा. एक शिट्टी आत, एक शिट्टी बाहेर. मधली शांतता जरा लांबली की तो तिला हलवून उठवायचा.

ओढ्याच्या वरच्या अंगाला केझाया मावशी राहायची. सत्तरी उलटलेली, डोंगरात मुळ्या खणत हिंडणारी, तोंडानं फटकळ. मीठ घ्यायला आली की चित्राकडे बघून म्हणायची, "काय रे अँसेल, तुझ्या डॉक्टरनं दाढी ठेवलीय ती तोंड लपवायला का?"

"तुमच्या पाल्यापेक्षा बरा, मावशी. निदान बाटलीवर लेबल तरी असतं."

"लेबल असतं म्हणून तर लोक फसतात. तुझ्या बाटलीनं आजार जात नाही बाबा, आजाऱ्याला तो आठवत नाही एवढंच. नुसती दारू आणि काकवी!" मग आवाज उतरवून, "पोरीला झाडाशी घेऊन ये. हट्ट सोड."

झाडाचा उपाय त्या खोऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. पोराला जिवंत झाडाला पाठ लावून उभं करायचं. टाळूच्या बरोबर वर गिरमिटानं भोक पाडायचं, त्यात पोराच्या केसांची बट घालायची आणि वरून लाकडाची खुंटी ठोकायची. पोर वाढून खुंटीच्या वर गेलं की दमा झाडात राहतो आणि पोर सुटतं. तोवर झाड मात्र पडता कामा नये.

पण भिंतीवर डॉक्टर पेलहॅम मांडून बसलेल्या माणसानं केझायाच्या दारी जायचं कोणत्या तोंडानं? गिऱ्हाइकं हसली असती. म्हणून एका रविवारी, सगळी वस्ती प्रार्थनेला गेलेली असताना, अँसेलनं स्वतःच गिरमिट उचललं.

घरामागच्या उतारावर सॉरवुडचं एक झाड होतं. लव्हीडा त्याला पाठ टेकून उभी राहिली.

"बाबा, झाड गार लागतंय."

"हलू नकोस राणी."

भोक पडलं. कानामागची बट कापून त्यानं आत सारली. खुंटी त्यानं दुकानातल्या खोक्याच्या फळीची केली होती. वाळकं लाकूड, पहिल्याच घावाला दुभंगलं. वारा सुटला. केस भोकातून बाहेर डोकावू लागले. अँसेलनं घाईघाईनं खिसा चाचपला, तर हाताला जीवनरसाच्या बाटलीचं बूच लागलं. त्यानं ते दाबलं. ओठ मिटावेत तसं भोक बुचाभोवती मिटलं.

त्याच दुपारी लव्हीडा उतारावरून धावत खाली आली, आणि तिला धाप लागली नाही. त्या दिवसानंतर कधीच लागली नाही. अँसेलनं गिऱ्हाइकांना सांगितलं, बाटलीचा गुण. बाटल्या दुपटीनं खपल्या.

दोन वर्षं गेली. लव्हीडाला आठवं लागलं म्हणून अँसेलनं नवे बूट काढले, तर ते पायातून निसटायला लागले. जुने मात्र चपखल. मग त्याला एकेक दिसू लागलं. सहाव्या वर्षी हलायला लागलेला पुढचा दात अजून हलतच होता. झगाही दोन वर्षांपूर्वीचा तोच अंगाला बसत होता. त्यानं तिच्या कानामागचे केस बाजूला केले. बट कापलेली जागा अजून तशीच होती, काल कात्री लावल्यासारखी.

भर दुपारी तो तिला झाडाशी घेऊन गेला. बूच तिच्या टाळूच्या वर होतं, पहिल्या दिवशी होतं तिथंच. वाऱ्याचा लवलेश नव्हता. ओढ्याकाठची सगळी झाडं चित्रासारखी उभी होती. या एका झाडाची पानं तेवढी सगळी मिळून वर उचलली गेली, थांबली आणि सगळी मिळून खाली आली. अँसेलनं खोडाला कान लावला. एक शिट्टी आत. एक शिट्टी बाहेर.

तो तसाच, सगळ्यांच्या देखत, ओढ्याच्या वरच्या अंगाला चालत गेला.

केझाया मावशी आली, तिनं झाड पाहिलं आणि भोकावर बोट ठेवलं. "खुंटी कशाची ठोकलीस रे?"

"बूच आहे. बाटलीचं."

ती हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही. "लाकडाची खुंटी झाड गिळतं. वर साल चढते, आजार आत मुरतो. हे त्याला गिळता आलेलं नाही. दुकानदार ना तू? बूच कशाला लावतात?"

"आतलं आहे तसं राहावं म्हणून."

"मग राहिलंय की."

लव्हीडा पायरीवर मक्याच्या सालींची बाहुली घेऊन बसली होती. अँसेलनं हळूच विचारलं, "काढलं तर?"

"कोंडलेलं सगळं एकदम तिच्याकडे धावेल. दोन वर्षांचं. ती वाचायची नाही."

"आणि नाही काढलं तर?"

"तर तू म्हातारा होशील, मरशील, तुला पुरतील. आणि ती अशीच बाहुली घेऊन त्या पायरीवर बसलेली असेल. झाड उभं आहे तोवर."

"ते तिच्याकडे धावताना वाटेत दुसरं कुणी आडवं आलं तर?"

केझायानं मान फिरवली. "ते मला विचारू नकोस. माझ्या तोंडून हो यायचं नाही."

अँसेलनं त्याच झाडाची ओली फांदी तोडून खुंटी तासली. "मावशी, पोरीला दुकानात घेऊन जा. पेपरमिंटची कांडी द्या. बाटली नका देऊ हं."

"जळो तुझी बाटली," मावशी म्हणाली, पण तिचे डोळे भरले होते.

दोघी दिसेनाशा झाल्या. अँसेल गुडघ्यांवर बसला, बुचाभोवती ओठ घट्ट लावले आणि दातांनी ओढलं.

आधी आला तो दारूचा भपकारा, मग पोरीच्या केसांचा वास. मग गार वारा. त्यानं तो घोटासारखा आत घेतला, एक थेंबही सांडू न देता. शिट्टी त्यानं लगेच ओळखली. पण तिच्या मागून आणखी एक आली, खालच्या सुरातली, दमलेली. ती त्यानं सहा वर्षांत ऐकली नव्हती. ऑर्फाची शिट्टी. आईकडून पोरीत उतरली होती आणि पोरीतून झाडात. अँसेलचे ओठ क्षणभर सैल पडले. मग त्यानं तीही आत घेतली. बूच बाजूला थुंकून खुंटी ठोकली. पानं एकदा थरारली आणि इतर झाडांसारखी गप्प झाली.

त्या संध्याकाळी मक्याची भाकरी चावताना लव्हीडाचा दात पडला. मग ती अशी वाढू लागली की हाडं दुखून रडायची, झग्याच्या शिवणी उसवायच्या. पुढच्या वसंतात खुंटी तिच्या कपाळाशी आली. खुंटीवर साल चढायला लागली होती.

अँसेलनं डॉक्टर पेलहॅमचं चित्र उतरवलं. आता तो गल्ल्यामागे बसून धापा टाकत मीठ मोजतो. गिऱ्हाइकं चेष्टा करतात, "अरे, एखादी बाटली तू पण घे की!" तो हसायला जातो आणि हसण्याची शिट्टी होते.

आता उशाशी लव्हीडा बसते. एके दिवशी तिनं त्याच्या छातीला कान लावला आणि बराच वेळ उचलला नाही.

"बाबा, ही एक माझी आहे. ओळखते मी. पण ही दुसरी कोणाची?"

आईचा चेहरा तिला आठवत नव्हता. आवाज तर नाहीच. आईचा म्हणून पहिला आवाज तिनं ऐकायचा तो ही धाप, असं अँसेलला नको होतं. "झाडाची असेल," तो म्हणाला.

लव्हीडानं पुन्हा कान लावला. "नाही," ती म्हणाली, "झाड श्वास घेताना मधे थांबायचं. ही थांबतच नाही, बाबा. ही मला हाक मारतेय."